शून्य दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास कधी ठेवायचा? अग्निशमन दलातल्या सीओ मीटरची पार्श्वभूमी

तळहातात मावणारा कार्बन मोनॉक्साइड (सीओ) वायूचा मीटर आज जगातल्या अनेक अग्निशमन दलांत जवानाच्या कोटाला अडकवलेला दिसतो. पण हे उपकरण आगीसाठी जन्मलेले नाही. त्याची सुरुवात कोळशाच्या खाणीत झाली आणि अमेरिकेत ते बंबावर सर्रास दिसू लागले, त्यामागे आगींपेक्षा घरोघरी वाजू लागलेल्या सीओ अलार्मच्या भोंग्यांचा हात मोठा होता. ते वापरण्याचे आणि राखण्याचे जे नियम नव्या जवानाला किचकट वाटतात, त्यांतले बरेचसे याच प्रवासात ठेचा खात तयार झाले.

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे गेली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले, तेव्हा दणक्याने किंवा भाजून मेलेले थोडेच निघाले. बहुतेकांच्या कातडीवर गुलाबी-लाल छटा होती. ती त्याच्या ओळखीची होती, कारण त्याआधी त्याने हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचेच रक्त तपासत प्रयोग केले होते. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त लालबुंद दिसते, शरीर मात्र आतून गुदमरत असते. म्हणजे स्फोटातून वाचलेल्यांना नंतर पसरलेल्या वायूने गाठले होते.

खाणीत डेव्हीचा दिवा १८१५ पासून होता. मिथेन असला की त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढते, प्राणवायू फार कमी झाला की ती विझते. माणूस मारायला पुरेल एवढा कार्बन मोनॉक्साइड मात्र त्या ज्योतीला कळत नाही. म्हणून हॉल्डेनने उंदीर किंवा लहान पक्षी सोबत न्यायचे सुचवले. एवढ्याशा जिवाचा श्वास इतका जलद चालतो की विष त्याला माणसाच्या बरेच आधी चढते. पुढे ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी रीतसर पाळले जाऊ लागले. काही पिंजऱ्यांवर प्राणवायूचे छोटे नळकांडे बसवलेले असे, कोसळलेल्या पक्ष्याला शुद्धीवर आणायला. हे पक्षी काढून टाकण्याचा निर्णय झाला १९८६ साली, आणि तेव्हाही दोनशेहून अधिक पक्षी कामावर होते! इतकी वर्षे ते टिकले यात खाणकामगारांच्या मायेचा भाग होताच. मला मात्र त्यात एक निव्वळ तांत्रिक गुणही दिसतो. कॅनरी निकामी झाला की दांडीवरून खाली पडतो. तो निकामी झाला आहे हे ओळखायला दुसरे काही तपासावे लागत नाही.

मधल्या काळात रसायने आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आयोडीन पेंटॉक्साइड वापरून रंग बदलणारे शोधक तयार झाले. १९३७ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकच्या ड्रेगर कंपनीने काचनळ्या आणल्या. नळीची टोके मोडायची, हातपंपाने ठरावीक हवा ओढायची आणि डाग कुठवर चढला ते वाचायचे. एक नळी म्हणजे एक मोजणी. प्रयोगशाळेत किंवा खाणीत हे जमते. जाड हातमोजे घालून, अंधारात, खोलीमागून खोली तपासणाऱ्या जवानाला ते कसे परवडावे?

चित्र पालटले ते १९७० च्या दशकात, विद्युत-रासायनिक सेन्सर हातात धरण्याजोगा झाला तेव्हा. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतून १९७७ मध्ये सिटी टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि असे सेन्सर बनवणाऱ्यांत आघाडीवर गेली. आतली करामत साधी आहे. वायू एका पडद्यातून झिरपून प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाच्या विद्युतअग्रावर पोहोचतो, तिथे त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा बारीकसा प्रवाह वाहू लागतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. मीटरच्या स्क्रीनवर आकडा येतो पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग.

पण वायू नसेल तर प्रवाह नाही, आणि सेन्सर मेला असेल तरीही प्रवाह नाही. दोन्ही वेळा स्क्रीनवर शून्यच. आतले सल्फ्युरिक आम्ल कोरड्या उष्म्यात सुकते, दमट हवेत पाणी ओढून फुगते, झिरपण्याची छिद्रे काजळीने बुजतात. काही बिघाड मीटर स्वतः ओळखतो, सगळे नाही. वाट बंद झाल्याचे त्याला बहुधा कळतच नाही. ‘बंप टेस्ट’ नावाचा जो रोजचा सोपस्कार आहे तो यासाठी. ज्ञात प्रमाणाचा वायू, बहुधा १०० पीपीएमच्या आसपासचा, बाटलीतून काही सेकंद सेन्सरवर सोडायचा आणि आकडा चढतो का, भोंगा वाजतो का, दिवा लागतो का ते पाहायचे. कॅलिब्रेशन ही वेगळी गोष्ट. त्यात मीटरचा आकडाच बाटलीवरच्या प्रमाणाशी जुळवून घेतात. बंप टेस्टला नापास झालेला मीटर आधी कॅलिब्रेट करायचा, तरीही जमले नाही तर सेन्सर बदलायचा. सेन्सरचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचे, नव्या बनावटीचे त्याहून थोडे अधिक, आणि बाटलीतल्या वायूलाही मुदत असते. गाडीच्या सायलेन्सरसमोर मीटर धरून ‘चालतोय’ म्हणण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडलेली बरी. त्या धुरात वायू किती आहे हे कुणालाच माहीत नसते, आणि वर काजळी फुकटची.

अमेरिकेत घरगुती सीओ अलार्मसाठी यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेचे ‘यूएल २०३४’ हे मानक १९९२ मध्ये आले. सप्टेंबर १९९४ मध्ये टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस न्यूयॉर्कजवळच्या साउदॅम्प्टनमध्ये झोपेत गेला. पोहण्याच्या तलावाचे पाणी तापवणाऱ्या हीटरमधला वायू त्याच्या खोलीत शिरला होता. पुढच्याच महिन्यात शिकागो शहरात घरांत असे अलार्म सक्तीचे झाले. डिसेंबरात थंड हवेचा थर शहरावर झाकणासारखा बसला, वाहनांचा धूर खालीच कोंडला आणि घरोघरचे अलार्म केकाटू लागले. अग्निशमन दलाकडे हजारो फोन आले. बहुतेक घरांत जिवाला धोका नव्हता, पण हे सांगणार कोण? दारात उभ्या जवानाकडे स्वतःचा, भरवशाचा आकडा हवा होता. पुढे मानक बदलले. आजचा अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांत वाजतो, ४०० पीपीएमला चार ते पंधरा मिनिटांत. जवानाचा मीटर मात्र त्या क्षणाचा आकडा दाखवतो. घरातला अलार्म वाजूनही मीटर कमी दाखवू शकतो किंवा उलटही होते, ते या फरकामुळे.

वापराची पद्धत याच अनुभवातून बसली. मीटर बाहेर, स्वच्छ हवेत, गाडीच्या धुरापासून लांब सुरू करून शून्यावर आणायचा. धुरात शून्य केला तर तो पुढे सगळीकडे कमीच दाखवेल. आकडा स्थिरावायला पंधरा ते तीस सेकंद लागतात, तेव्हा भराभर खोल्या पार करण्यात अर्थ नाही. ३५ पीपीएमला पहिला इशारा आणि २०० ला दुसरा, ही प्रचलित मांडणी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशींतून आली. काही दले प्रथमोपचाराच्या पिशवीलाच मीटर लटकवतात, आणि मला ही युक्ती फार आवडते. डोकेदुखी, मळमळ म्हणून बोलावलेल्या घरात शिरतानाच तो वाजला, तर रोगी एकटा नाही, घरातले सगळेच विषबाधेत आहेत हे कळते.

आग विझल्यानंतरच्या उकराउकरीत मीटरवर फार भिस्त ठेवली गेली, तिथे गाडी घसरली. सीओ उतरला की श्वसनाचा मुखवटा काढायचा, असा प्रघात पडला होता. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या जवानांवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की सीओच्या आकड्यावरून बाकीच्या विषारी घटकांचा अंदाज बांधता येत नाही. २००६ मध्ये तिथल्याच प्रॉव्हिडन्स शहरात आगींनंतर जवानांच्या रक्तात सायनाइड सापडले, तेव्हा काही दलांनी हायड्रोजन सायनाइडचा वेगळा मीटर जवळ ठेवायला सुरुवात केली.

आपल्याकडे हा वायू सर्वाधिक परिचित आहे तो बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे आणि थंडीत बंद खोलीत पेटवलेल्या शेगडीमुळे. १९९७ च्या दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीतले ५९ बळीही प्रामुख्याने गुदमरूनच गेले. गिझरच्या घटनेत जवान पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दार फोडलेले असते, खिडक्या उघडलेल्या असतात, आणि मीटर काहीच दाखवत नाही. अशा वेळी माणसे बाहेर काढून, दारे पुन्हा लावून, मुखवटा चढवून गिझर चालू करायचा आणि आकडा चढतो का पाहायचे, तरच कारण सापडते. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. तो सीओने व्यापलेल्या रक्तालाही प्राणवायूने भरलेले समजतो आणि ९८ दाखवतो.

उलट फसवणूकही होते. सीओचा सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो, आणि चार्ज होणाऱ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतून तोच निघतो. बंद जिन्याखाली जुनी, तापलेली बॅटरी असेल तर मीटर वाजू शकतो, घरात काही जळत नसतानाही. सॅनिटायझरचा ओला हात मीटरला लावला तरी आकडा उसळतो. म्हणून ज्वलनाचा उगम सापडत नसेल तर बॅटरीकडे पाहावे आणि हायड्रोजनचा परिणाम वजा करणारा सेन्सर असलेला दुसरा मीटर मागवून घ्यावा. तोवर घरच्यांना बाहेरच थांबवावे.