मधे घुसवायचं तर कोणीतरी सरकायला लागतं

ठाण्यात आमच्या क्लासमध्ये परवा एका मुलीने विचारलं, सर, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लिस्टमध्ये इन्सर्ट, म्हणजे मधे नवीन नोंद घुसवणं, तर एकाच ओळीत होतं, मग डेटा वाढला की एवढं स्लो का? याचं उत्तर शोधायला १९५७ च्या फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेपर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा अ‍ॅरेची, म्हणजे मेमरीत एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेची, साइझ डायमेन्शन लिहून आधीच ठरवायची, लोकलच्या सीटसारखी. मधे कोणाला बसवायचं तर बाकीच्यांना 'जरा सरका' म्हणायचं, आणि ते सरकवणं प्रोग्रॅमरनेच लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहून करायचं, तेही शेवटाकडून, कारण १०, २०, ३० च्या आधी नवीन आकडा घालताना पुढून सुरू केलं तर १० वीसच्या घरात जातो, मग तोच तिसाच्या, आणि शेवटी चारही घरांत १०. त्यात स्टॅण्डर्ड फोर्ट्रानचा डू लूप उलटा मोजायचाच नाही, ती सोय फोर्ट्रान ७७ मध्ये आली, तोपर्यंत लोक उलटा इंडेक्स (घराचा नंबर) वजाबाकी करून काढायचे. खरंच कष्टाचं काम होतं ते.

दुसरा रस्ता १९५६ च्या सुमारास नेवेल, शॉ आणि सायमन यांनी लिंक्ड लिस्टने काढला आणि मॅकार्थींच्या लिस्प या भाषेने तो रुजवला. डॉक्टरकडे आपण 'तुमच्या मागे माझा नंबर' म्हणून कुठेही बसतो ना, अगदी तसंच, कोणी सरकत नाही, फक्त कोणामागे कोण ते बदलतं. पण पन्नासावा कोण हे कळायला पहिल्यापासून विचारत जावं लागतं.

सी भाषेत हे सरकवणं मेममूव्ह या तयार फंक्शनवर आलं. स्टेपानोव्ह यांची एसटीएल ही तयार कोडची लायब्ररी १९९४ ला सी++ च्या स्टॅण्डर्डसाठी मंजूर झाली, तिच्यातल्या व्हेक्टरला, म्हणजे वाढत जाणाऱ्या अ‍ॅरेला, इन्सर्ट होतंच. जावास्क्रिप्टला मधे घुसवणारं स्प्लाइस १९९७ च्या नेटस्केप ४ या ब्राउझरमध्ये मिळालं.

पायथनची लिस्ट आतून अ‍ॅरेच आहे, फक्त शेवटी चौथ्या सीटसारखी थोडी जागा राखून ठेवते, म्हणून अपेंड, म्हणजे शेवटी जोडणं, पटकन होतं, पण शून्याच्या जागी, म्हणजे अगदी सुरुवातीला, इन्सर्ट केलं की अख्खी रांग सरकते, लाख नोंदी असतील तर लाखच्या लाख. त्या मुलीचा कोड प्रत्येक नवीन नोंद नेमकी तिथेच घुसवत होता. मग आम्ही डेक (दोन्ही टोकांनी पटकन जोडता येणारी रांग) घेतला, २००४ च्या पायथन २.४ पासून असलेला, जो आतून लिंक केलेल्या ब्लॉक्सचा असतो, आणि इन्सर्टच्या जागी अपेंडलेफ्ट, म्हणजे कोणाला न सरकवता सुरुवातीला जोडणं, लिहिलं.