पार्श्वभूमी : लाइन गेल्यावर अर्धवट राहिलेलं पॅकेज

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावशाळांचे संगणक दुरुस्त करत मी फिरतो. बहुतेक मशीनवर उबंटू नाहीतर डेबियन असतं (दोन्ही लिनक्सच्याच प्रणाली, उबंटू डेबियनवर बांधलेलं), आणि तक्रार जवळपास ठरलेली. अपडेट चालू असतं, तेवढ्यात पोरगं ओरडतं, "सर, लाइन गेली जी!" यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. लाइन आल्यावर मशीन सुरू होतं, पण नवं काही टाकायला गेलं की डीपीकेजीचं, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम मध्येच तुटल्याचा निरोप येतो. मग कोणीतरी सुचवतं, फॉरमॅट मारा. त्यात मुलांचं वर्षभराचं काम जातं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण ही अडचण सोडवायची सोय तीस वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे.

लिनक्स १९९१चं. सुरुवातीला सॉफ्टवेअर म्हणजे दाबून बांधलेली एक फाइल असे. ती उघडायची आणि आपल्या मशीनवर कंपाइल करायची, म्हणजे तिच्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा. १९९३मध्ये आलेल्या स्लॅकवेअर या लिनक्स प्रणालीने तयार पॅकेजं, म्हणजे थेट बसवता येणारी सॉफ्टवेअरची गाठोडी, दिली, पण कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे हे बघायचं काम माणसाकडेच राहिलं. त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डीपीकेजी आधी साधी स्क्रिप्ट होती. १९९४मध्ये इयन जॅक्सन यांनी तिचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला.

डीपीकेजीची खरी देणगी म्हणजे तिची नोंदवही. '/व्हार/लिब/डीपीकेजी' या फोल्डरमध्ये 'स्टेटस' नावाची साधी मजकुराची फाइल असते. कोणत्याही एडिटरमध्ये उघडून बघा: प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद, त्यात नाव, आवृत्ती, कशावर अवलंबून आहे ते, आणि एक ओळ स्थितीची. सगळं नीट असेल तर 'इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड'. फाइली उलगडल्या पण मांडणी (वापरासाठी तयार करणं, कॉन्फिगर) बाकी असेल तर शेवटचा शब्द 'अनपॅक्ड'. मांडणी चालू असताना लाइन गेली तर 'हाफ-कॉन्फिगर्ड'. उलगडणं आणि मांडणं ही दोन कामं वेगळी ठेवल्यामुळेच कुठे थांबलो ते मशीनला ठाऊक असतं. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' म्हणजे त्याच ओळीपासून पुढचं काम उरकून घे, एवढंच. खुद्द स्टेटस फाइलच खराब झाली, तर शेजारी 'स्टेटस-ओल्ड' असते आणि '/व्हार/बॅकअप्स'मध्ये तिच्या आधीच्या दिवसांच्या प्रती सापडतात. हे कळलं त्या दिवसापासून पॅकेज अडकलं म्हणून मी एकही मशीन फॉरमॅट केलेलं नाही.

रेड हॅट या लिनक्स कंपनीनेही १९९५मध्ये आरपीएम हे डीपीकेजीसारखंच साधन आणलं. दोन्हीकडे अडचण सारखीच होती. हे पॅकेज हवं तर आधी ते हवं, एवढं सांगून प्रोग्रॅम थांबे. 'ते' शोधून आणायचं तुम्ही, आणि त्याला आणखी तिसरं लागे. रेड हॅटच्या बाजूला पुढे यम आणि डीएनएफ या प्रोग्रॅमनी हे ओझं उचललं. डेबियनने मार्च १९९९च्या २.१ आवृत्तीत ॲप्ट दिलं. भांडारातून, म्हणजे नेटवरच्या पॅकेजांच्या साठ्यातून, माल आणणं आणि कोणतं आधी, कोणतं नंतर हे ठरवणं ॲप्टकडे. प्रत्यक्ष बसवणं आणि नोंद ठेवणं डीपीकेजीकडे. दुरुस्तीला बसलो की मी पहिल्यांदा हेच बघतो: गाडी आणण्यात अडली की बसवण्यात? अवलंबित्व तुटलं असेल तर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. भांडारातून ४०४ (फाइल सापडत नाही) येत असेल तर बहुधा ती उबंटू आवृत्ती मुदतीबाहेर गेलेली असते आणि तिचा माल जुन्या आवृत्त्यांच्या भांडारात हलवलेला असतो.

लॉकबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. दोघांनी एकाच वेळी नोंदवही लिहू नये म्हणून लॉक असतं. लोक सर्रास ती लॉक फाइल पुसून टाकतात. पण लॉक फाइलच्या असण्यात नसतं, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, धरलेलं असतं. मशीन बंद झालं की आपोआप सुटतं. चालू मशीनवर लॉक दिसतंय म्हणजे कोणीतरी खरंच काम करतंय. बहुतेकदा ते मागे आपोआप चाललेलं अपडेट असतं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते तासभरही चालू शकतं. थांबा, संपू द्या. फाइल पुसून दुसरं काम सुरू केलं की दोघं मिळून नोंदवही बिघडवतात.

२००७च्या डेबियन ४.०पासून ॲप्ट भांडाराच्या यादीवरची डिजिटल सही तपासू लागलं, आणि पुढे तारीखही. आपल्याकडच्या जुन्या मशीनमधला घड्याळ चालू ठेवणारा बटण सेल मेलेला असतो, त्यामुळे लाइन गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ॲप्ट म्हणतं, ही यादी अजून लागूच झालेली नाही. नेट, भांडार सगळं ठीक असतं. सेल बदलायचा आणि तारीख लावायची.

नेटच नसेल तर? पूर्वी उबंटूच्या सीडी पोस्टाने फुकट घरी येत, ती सोय २०११मध्ये बंद झाली. आज माझ्या कामाचं आहे ते रितेश राज सराफ यांनी लिहिलेलं ॲप्ट-ऑफलाइन. शाळेतल्या मशीनवर 'सेट' चालवून काय काय हवं त्याची छोटी फाइल बनवायची, पेनड्राइव्हवर तालुक्याला न्यायची, नेट असलेल्या मशीनवर 'गेट'ने माल उतरवायचा आणि शाळेत परत येऊन 'इन्स्टॉल'. त्यानंतर नेहमीचं ॲप्ट चालवायचं. माल आधीच मशीनवर असल्याने ते नेट मागत नाही. फक्त त्याआधी हेडमास्तरांना विचारून घ्यायचं, आज लोडशेडिंग किती वाजता आहे.