ध चा मा, पानिपत आणि संक्रांत

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावरचा भगवा उतरला. पेशवाईतले वाक्प्रचार मात्र पुण्यात अजून रोजच्या वापरात आहेत. पोरगा परदेशात नोकरीला लागला की त्यानं अटकेपार झेंडा लावलेला असतो, आणि मॅच हरली की झालं पानिपत. या दोहोंबद्दल वाद नाही. मराठी फौजा १७५८ साली सिंधूकाठच्या अटकेला जाऊन भिडल्या आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर एक पिढी कापली गेली. विश्वासराव आणि भाऊसाहेब पडल्याची बातमी 'दोन मोत्ये गळाली' अशा आडवळणानं दक्षिणेत आली. नानासाहेब त्यातून सावरलेच नाहीत; जूनमध्ये पर्वतीवर वारले.

'ध चा मा'चं प्रकरण इतकं सरळ नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना भर वाड्यात मारलं, इथवर ठीक. राघोबादादांच्या हुकुमात 'नारायणरावास धरावे' होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, ही पुढची कथा. एकदा लिहूनच बघा. नुसता ध खोडून म केला तर 'मरावे' होतं. काना घुसवायला शेजारी जागा हवी. (म्हणून तर वाक्प्रचारातही 'मा' आहे.) रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द राघोबांनाच दोषी धरलं. तो खाडाखोडीचा कागद मात्र कुणी पुढे आणलेला नाही. घरातल्या बाईवर खापर फोडणं सगळ्यांनाच सोयीचं पडलं असावं, असं मला वाटतं. आता तर 'ध चा मा' म्हणताना खून कुणाला आठवतही नाही. हापिसातला कुणी निरोप फिरवून सांगितला तरी पुरतं.

राहिली 'संक्रांत कोसळणं'. पानिपत संक्रांतीला झालं म्हणून हा प्रयोग आला, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तारीख जुळत नाही. संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले, तेव्हा १२ जानेवारी होती. त्याआधी शंभर वर्षं म्हणजे दहा-अकराच्या आसपास. लढाईला तोंड लागलं तेव्हा सण उलटून गेला होता. संक्रांतीचं भय पंचांगातलं आहे. यंदा ती कशावर बसून आली, काय नेसली, कुठल्या दिशेला बघते, हे आजही दरवर्षी छापून येतं, आणि ती जिकडे बघेल तिकडे अरिष्ट, असा जुना समज. वाक्प्रचाराचं मूळ तिथं शोधलेलं बरं.