काळा मोती आणि पांढऱ्यावर घडलेली नजर

कोकणातल्या जुन्या घरांत मोती असायचा तो पांढरा, फार तर साईच्या रंगाचा. नथीतला, कुड्यांतला, तन्मणीतला, चिंचपेटीतला, सगळा तसाच. गळ्यात काळं यायचं ते मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांच्या रूपानं, आणि ते मणी काचेचे. काळा मोती या पेटीत फार उशिरा आला. कुणाचा मुलगा बोटीवर असतो, कुणाची सून दुबईहून येते, कुणी मुंबईच्या दुकानातून किंवा मोबाइलवरून मागवतं. मग तो मोती घेऊन माणूस गावच्या सोनाराकडे जातो आणि विचारतो, "शेट, ह्यो मोती खरो मां?" शेट मोती दातावर घासून बघतात, हातात जोखतात, उजेडात धरतात. या तिन्ही कसोट्या पांढऱ्या मोत्यावर घडलेल्या आहेत. काळ्या मोत्याबाबत खरा प्रश्न रंगाचा असतो, आणि त्याला यांतली एकही कसोटी उत्तर देत नाही.

ही नजर पांढऱ्यावरच का घडली, ते बघायला बरंच मागं जावं लागतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांगल्या मोत्याचे गुण दिले आहेत: मोठा, गोल, सपाट बूड नसलेला, चमकदार, पांढरा, जड, गुळगुळीत आणि योग्य जागी विंधलेला. पांढरेपणा तिथं थेट गुणांच्या यादीत आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत मोत्यांच्या रंगांना देवता वाटून दिल्या. जवसाच्या फुलासारखा सावळा विष्णूचा, चंद्रासारखा इंद्राचा, हरताळासारखा पिवळा वरुणाचा आणि काळा यमाचा. नवरत्नांत मोती चंद्राचा, म्हणजे पुन्हा पांढराच. ज्या रंगाचा धनी यम, तो लग्नाच्या दागिन्यात कोण घालणार? काळ्या मोत्याला हलका ठरवायचा कट वगैरे कुणी केला नव्हता. मोत्याच्या हिशेबात त्याला रकानाच नव्हता, एवढंच.

व्यापारानंही तेच पक्कं केलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपल्या किनाऱ्यावरची बंदरं येतात. इराणच्या आखातातून भडोचकडे मोती येतात, पण ते हिंदुस्थानातल्या मोत्यांपेक्षा हलके, असा शेराही त्यात आहे. त्या काळी नाव होतं ते तमिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातातल्या मोत्याचं. पुढे पारडं फिरलं. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बंदराशी चौल आणि दाभोळचं चांगलंच जमलं आणि तिकडून घोड्यांसोबत आखाती माल उतरू लागला. पोर्तुगीजांनी १५१५ मध्ये होर्मुझ घेतलं, नंतर चौलला कोट बांधला आणि १५३४ मध्ये वसई मिळवली. मोत्याच्या वाटेची दोन्ही टोकं त्यामुळे त्यांच्या हाती आली.

एकोणिसाव्या शतकात हा सगळा पसारा मुंबईत येऊन थांबला. बहरीन आणि कुवेतच्या पाणबुड्यांनी काढलेला मोती मुंबईत निवडला जाई, विंधला जाई, रेशमात ओवला जाई आणि इथूनच पॅरिस-लंडनला रवाना होई. आपण त्याला 'बसरा मोती' म्हणतो, पण बसऱ्यात मोती पिकत नसे. ती बाजारपेठ. मोलाचा हिशेबही मजेदार होता. मोती वजनाच्या सरळ पटीत विकला जात नसे, 'चव' नावाच्या मापात विकला जाई आणि चव वजनाच्या वर्गाच्या पटीत वाढे. म्हणजे वजन दुप्पट झालं की चव चौपट. एका मोठ्या मोत्यासाठी मूठभर बारीक मोती का द्यावे लागत, ते यावरून कळतं. या सगळ्या निवडीत पाणी म्हणजे चमक, गोलाई, आकार आणि पांढऱ्या रंगाच्या छटा बारकाईनं पाहिल्या जात. काळ्या रंगाची प्रतवारी लावायची वेळ फारशी आलीच नाही.

मग जपान उगवलं. कोकिची मिकिमोतोनं १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गोल संवर्धित, म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोती बाजारात आला आणि १९३० च्या सुमाराला जागतिक मंदीची भर पडून आखाती मोत्याचा बाजार कोसळला. मुंबईच्या पेढ्यांना बसलेला तो फटका पुन्हा भरून आला नाही.

काळ्या मोत्याची गोष्ट या सगळ्यापासून फार दूर, प्रशांत महासागरात घडली. तो देणारा शिंपला म्हणजे पिंक्टाडा मार्गारिटिफेरा. आतल्या शिंपेची कड काळी असते म्हणून त्याला काळ्या ओठांचा शिंपला म्हणतात. तांबड्या समुद्रापासून पॉलिनेशियापर्यंत तो आढळतो, आपल्या अंदमानातही आहे. ताहितीच्या आसपासच्या बेटांवर एकोणिसाव्या शतकात तो मोत्यासाठी कमी आणि शिंपेच्या बटणांसाठी जास्त उपसला गेला, इतका की साठे आटू लागले. १९६१ मध्ये तिथं जपानी तंत्रज्ञाच्या मदतीनं कलमाचे प्रयोग सुरू झाले, त्याच दशकात मनिही बेटावर शेती उभी राहिली आणि १९७० च्या दशकात हा मोती न्यूयॉर्कच्या दुकानांत पोचला. तिथंही पहिला संशय हाच आला की हा रंगवलेला असणार. कारण काळा मोती म्हणजे रंगवलेला जपानी मोती, असंच तोवरचं समीकरण होतं. अमेरिकेच्या जीआयए या रत्नसंस्थेनं १९७६ मध्ये हा रंग नैसर्गिक असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा कुठं बाजार हलला. म्हणजे आपल्या सोनाराला आज पडणारा प्रश्न न्यूयॉर्कच्या जव्हेऱ्यांनाही पडून गेला आहे.

रंग येतो कसा? शिंपल्यात गोल मणी ठेवतात, तो बहुधा अमेरिकेतल्या नदीच्या शिंपेपासून घडवलेला पांढरा मणी असतो. त्याला चिकटवून दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचा बारीक तुकडा लावतात. हा तुकडा ज्या शिंपल्याचा, त्याच्या शिंपेचा रंग मोत्यावर उतरतो. म्हणून दाता शिंपला निवडणं हीच खरी कारागिरी. दीड-दोन वर्षांत मण्यावर थर चढतात. थरातली रंगद्रव्यं गडद पाया देतात आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ पापुद्र्यांतून परतणारा उजेड वर हिरवट, निळसर, जांभळट झाक देतो. पारव्याच्या मानेवर ऊन पडल्यावर दिसतं तसं काहीसं. ठार काळा ताहिती मोती दुर्मीळच. करडा, हिरवट काळा, मोरपिशी, वांगी, हेच त्याचे नेहमीचे रंग. त्यामुळे माझा ठोकताळा असा: माळेतले सगळे मोती एकसारखे, शाईसारखे काळे आणि झाक कुठंच नाही, तर आधी संशय घ्यावा.

शाईवरून आठवलं. मोती काळा करायची जुनी रीत सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे मतदानाच्या शाईत असतं तेच. बोटावरच्या डागासारखंच ते उजेडात काळं पडतं. दुसरी रीत गॅमा किरणांची. त्यात आतला नदीच्या शिंपेचा मणी काळवंडतो आणि वरचे पातळ थर जवळपास तसेच राहतात, म्हणून मोती बाहेरून राखाडी-निळा दिसतो. गोड्या पाण्यातला मोती तर नैसर्गिकरीत्या काळा होतच नाही. पांढरा, गुलाबी, जांभळट होतो. 'शेततळ्यातला काळा मोती' म्हणून कुणी काही पुढं केलं, तर तो रंगवलेला किंवा किरणं दिलेला. वाईट असतो असं नाही, दिसतो छान, पण तसं सांगून आणि रंगवलेल्याच्याच भावानं विकला पाहिजे.

पारख करायची जागा म्हणजे मोत्याचं वेज, दोरा ओवायला पाडलेलं भोक. दहापट भिंगातून वेजाच्या कडेशी बघावं. ताहितीचा असेल तर बाहेर गडद थर आणि आत पांढरा मणी, अशी स्वच्छ रेघ दिसते. रंगवलेल्यात काळेपणा वेजाच्या तोंडाशी, भेगांत, खड्ड्यांत साचलेला दिसतो. किरणं दिलेल्यात उलट, आत काळा आणि वरचा थर फिका. दातावर घासल्यावर खरखरीत लागलं तर मोती काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही, इतकंच कळतं. रंगवलेला मोतीही खरखरीतच लागतो, आणि शेटांची फसगत नेमकी इथंच होते. अंगठी किंवा पदकात बसवलेल्या मोत्याचं वेज दिसत नाही. तिथं किंमत मोठी असेल तर मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत पाठवणं बरं. अहवालात 'संवर्धित की नैसर्गिक' आणि 'रंग नैसर्गिक की प्रक्रिया केलेला' हे दोन निराळे प्रश्न असतात, आणि लोक दोन्हींची गल्लत हमखास करतात. बाजारातला जवळपास प्रत्येक काळा मोती संवर्धितच असतो. त्यात खोटं काही नाही.

आपल्या किनाऱ्यावर काळा मोती मिळतो का, हेही विचारलं जातं. कालवं खाताना कधीतरी दाताखाली जांभळट-काळा खडा येतो. तोही कॅल्शियमचाच, पण त्याला शिंपेची चमक नसते आणि बाजारात काडीची किंमत नाही. गोव्यात जुन्या खिडक्यांना ज्याच्या चकत्या काचेऐवजी बसवत, त्या पातळ पारदर्शक शिंपल्यात बारीक, शिशासारखे मळकट मोती मिळतात. ते दागिन्यात जात नाहीत, मोतीभस्मासाठी जातात. भारतात मोत्याचं समुद्री संवर्धन पहिल्यांदा जमलं ते १९७३ मध्ये तुतीकोरीनला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या हातून, आणि तो शिंपला वेगळ्या जातीचा, फिक्या मोत्याचा होता.

सांभाळण्याचं म्हणाल तर मोती काळा असो की पांढरा, घटक तोच: कॅल्शियम कार्बोनेट. आम्लानं विरघळतो, नखानं नाही पण वाळूच्या कणानं ओरखडतो. कोकणी स्वयंपाकघर त्याला फार सोसत नाही. सोलकढीसाठी आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस घालताना, लिंबू कापताना, चिंच कोळताना अंगठी काढून ठेवावी. आगळाचा ओघळ मोत्यावर राहिला तर तेवढ्या जागेचं पाणी उतरतं आणि ते परत चढवता येत नाही. सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजत घालायची आपली सवय मोत्याला लावू नये. वेजातून पाणी आत जातं, दोरा कुजतो, रंगवलेला असेल तर रंगही सुटतो. सोनाराच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर मुळीच देऊ नये. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे आधी, मोती शेवटी. काढल्यावर ओलसर मऊ फडक्यानं घाम पुसून, वाऱ्यावर सुकवून मलमलीत गुंडाळावा, आणि सोन्याच्या बांगड्यांच्या ढिगात टाकू नये.

पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रेशमी दोऱ्याला बुरशी धरते आणि तो लांबतो. माळ वापरात असेल तर दर वर्षा-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने ओवणाऱ्याकडून गाठवून घ्यावी, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगावी. दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो, आणि मोती एकमेकांवर घासून वेजाच्या कडेचा रंग झिजत नाही.