एकाच यादीतले दोन निकाल: कॅलिफोर्नियाची स्थानिक प्रायमरी आणि राज्याची प्रायमरी

५ मार्च २०२४ च्या प्रायमरीनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच्या फेरीनंतर, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) निकालांच्या यादीत दोन लढती वरवर अगदी सारख्या दिसत होत्या. सॅन होजेचे महापौर मॅट मेहन यांना ८५ टक्क्यांहून जास्त मतं, आणि अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या, १७ व्या मतदारसंघात रो खन्ना यांना ६० टक्क्यांहून जास्त. दोघंही प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी पुढे. पण मेहन यांची निवडणूक मार्चमध्येच संपली. ते पुढच्या चार वर्षांसाठी महापौर झाले आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्या पदाचा उल्लेखही नव्हता. खन्नांना मात्र नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाच्या अनिता चेन यांच्याविरुद्ध पुन्हा उभं राहावं लागलं. मार्चमध्ये ६० ऐवजी ९० टक्के मिळाले असते, तरी त्यांना नोव्हेंबर चुकला नसता.

दिवस एकच, मतपत्रिका एकच, मोजणारं कार्यालयही एकच. तरीही या दोन वेगवेगळ्या निवडणुका आहेत, आणि दोन्हींना ‘प्रायमरी’ म्हणत असल्यामुळे गोंधळ होतो. बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये हा गोंधळ मी वारंवार ऐकतो. ‘खरी निवडणूक नोव्हेंबरात, तेव्हा बघू’ असं म्हणून टपालाने आलेलं प्रायमरीच्या मतपत्रिकेचं पाकीट तसंच टेबलावर पडून राहतं. एका प्रकारच्या लढतीत त्याने फारसं बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात कधी कधी नोव्हेंबर येतच नाही.

आधी राज्याची प्रायमरी घेऊ. राज्य विधिमंडळाची दोन्ही सभागृहं, काँग्रेस, अमेरिकी सिनेट, गव्हर्नर आणि राज्यपातळीवरची बहुतेक पदं या गटात येतात. २०१० च्या जूनमध्ये मतदारांनी प्रपोझिशन १४ (थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केलं आणि २०१२ पासून राज्यभर ‘टॉप टू’ पद्धत लागू झाली. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि कोणत्याही मतदाराला त्यातल्या कोणालाही मत देता येतं. पहिले दोन नोव्हेंबरला जातात. ते एकाच पक्षाचे असले तरी चालतात, पहिल्याला कितीही मतं पडली तरी त्याला दुसऱ्याशी लढावं लागतंच. म्हणजे या प्रायमरीत कोणी निवडून येत नाही, फक्त बाकीचे बाद होतात. म्हणूनच अशा लढतीच्या निकालात पहिल्या क्रमांकापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्यामधलं अंतर पाहायचं असतं.

स्थानिक प्रायमरीत काउंटीचे सुपरवायझर (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सदस्य), शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी, असेसर (मालमत्तांचं मूल्य ठरवणारा अधिकारी), सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश आणि सॅन होजेसारख्या शहरांचे महापौर व नगरसेवक येतात. ही पदं पक्षविरहित असतात. इथे एकाला निम्म्याहून जास्त मतं पडली, की तो त्याच दिवशी निवडून येतो. तसं कोणालाच जमलं नाही, तरच पहिले दोघे नोव्हेंबरात पुन्हा भिडतात. त्यामुळे या निकालात नजर आधी ५० टक्क्यांच्या रेषेकडे गेली पाहिजे. महाराष्ट्रात विधानसभेपासून महापालिकेपर्यंत सर्वांत जास्त मतं मिळवणारा जिंकतो, मग ती ३५ टक्के का असेनात. त्या सवयीमुळे ‘पहिला आला म्हणजे जिंकला’ असं आपण चटकन धरून चालतो.

टक्के मोजताना त्या विशिष्ट लढतीत उमेदवारांना पडलेली मतंच धरली जातात. मतपत्रिका परत पाठवली पण न्यायाधीशाची ओळ कोरी सोडली, तर तुम्ही त्या हिशेबात नाही. मतपत्रिकेवर खाली खाली जाताना कोऱ्या ओळी वाढतात, त्यामुळे ‘निम्मे’ म्हणजे प्रत्यक्षात बरेच कमी लोक असतात.

मतपत्रिका हातात असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. राज्याच्या लढतीत प्रत्येक नावाखाली ‘पक्षाची पसंती: डेमोक्रॅटिक’ किंवा तत्सम ओळ छापलेली असते. ही उमेदवाराने स्वतः सांगितलेली पसंती आहे, पक्षाने त्याला उमेदवारी दिली असा तिचा अर्थ नाही. स्थानिक लढतीत ही ओळच नसते. नाव आणि खाली व्यवसाय, बस्स. माझा साधा नियम असा: नावाखाली पक्ष दिसला तर दोन टप्पे, नाही दिसला तर कदाचित आजच शेवट. ‘राज्य’ आणि ‘स्थानिक’ ही नावं मी सोयीसाठी वापरतोय, खरी सीमारेषा पक्षाच्या ओळीचीच आहे. राज्याचे शिक्षण अधीक्षक हे पद राज्यभरातून निवडलं जातं, पण पक्षविरहित आहे, म्हणून तिथे ५० टक्क्यांचा नियम चालतो. २०२२ च्या जूनमध्ये टोनी थर्मंड यांना ४६ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, पहिले येऊनही निम्मी गाठली नाहीत, म्हणून त्यांना नोव्हेंबरात पुन्हा लढावं लागलं.

दुसऱ्या क्रमांकाची किंमत काय असते, हे पाहायला २०२४ च्या मार्चमधला काँग्रेसचा १६ वा मतदारसंघ पुरेसा आहे. सांता क्लारा आणि सॅन मतेओ या दोन काउंट्यांत पसरलेला हा मतदारसंघ. १९९३ पासून काँग्रेसमध्ये असलेल्या अ‍ॅना एशू निवृत्त होत होत्या, त्यामुळे जागा मोकळी झाली आणि अकरा उमेदवार उतरले. सॅन होजेचे माजी महापौर सॅम लिकार्डो पहिले आले, त्याबद्दल फारसा प्रश्न राहिला नाही. दुसरा कोण, हे मात्र आठवड्यांमागून आठवडे ठरेना. राज्य विधिमंडळाचे सदस्य इव्हन लो आणि काउंटीचे सुपरवायझर जो सिमिटियन कधी हे पुढे, कधी ते, आणि फरक बोटांवर मोजता येईल इतका. अखेर प्रमाणित निकाल लागला तेव्हा दोघांची मतं एकच होती: ३०,२४९. एकूण १,८०,००० हून जास्त मतांमध्ये तंतोतंत बरोबरी.

महाराष्ट्रात अशा वेळी चिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात तसंच झालं होतं, आणि भाजपचे अतुल शहा चिठ्ठीवर निवडून आले. कॅलिफोर्नियात राज्याच्या प्रायमरीला हे लागू नाही. दुसऱ्या जागेवर बरोबरी झाली तर बरोबरीतले सगळे पुढे जातात. म्हणजे ‘टॉप टू’च्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर तीन नावं येणार होती. तेवढ्यात फेरमोजणीची मागणी झाली. असा निकाल लागला की फेरमोजणी आपोआप व्हावी, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात या लढतीसाठी नव्हती. ती कोणातरी मतदाराला मागावी लागते आणि रोजचा खर्चही मागणाऱ्याला भरावा लागतो. एप्रिलच्या उत्तरार्धात मतं पुन्हा मोजली गेली. लो यांची १२ मतं वाढून ३०,२६१ झाली आणि सिमिटियन यांची ७ वाढून ३०,२५६. पाच मतांच्या फरकाने सिमिटियन बाहेर पडले. नोव्हेंबरात लिकार्डो आणि लो हे दोन डेमोक्रॅट लढले आणि लिकार्डो जिंकले.

त्याच मार्चमध्ये सिमिटियन आणि लो यांच्या मागे रिकाम्या होणाऱ्या दोन जागांचीही निवडणूक होती, आणि दोन्ही नियम शेजारी शेजारी पाहायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सिमिटियन यांची जागा काउंटीच्या पाचव्या जिल्ह्याच्या सुपरवायझरची, म्हणजे पक्षविरहित. बऱ्याच उमेदवारांत मतं विखुरली, निम्मी कोणालाच मिळाली नाहीत, म्हणून मार्गारेट अबे-कोगा आणि सॅली लीबर नोव्हेंबरला गेल्या. लो यांची जागा विधिमंडळाच्या २६ व्या मतदारसंघाची, ज्यात सनीवेल आणि क्युपर्टिनो येतात. तिथून पॅट्रिक आरेन्स आणि तारा श्रीकृष्णन नोव्हेंबरला गेले, दोघंही डेमोक्रॅट. बाहेरून परिणाम एकच: दोन नावं, नोव्हेंबर. पण पहिल्या लढतीत एखादीला ५१ टक्के पडले असते तर तिथेच संपलं असतं. दुसरीत ८० पडले असते तरी काही बदललं नसतं.

टॉप टूची एक जखम मात्र सांगायला हवी, कारण या पद्धतीचे समर्थक ती फार पटकन विसरतात. २०१२ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या काँग्रेसच्या ३१ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक मतदार जास्त होते. पण चार डेमोक्रॅट उभे राहिले आणि मतं फुटली. रिपब्लिकन दोनच होते, गॅरी मिलर आणि बॉब डटन, आणि तेच दोघे नोव्हेंबरला गेले. डेमोक्रॅटिक मतदारांपुढे नोव्हेंबरात आपल्या पक्षाचं एकही नाव नव्हतं, आणि अशा लढतीत नोव्हेंबरला बाहेरचं नाव लिहून मत देण्याचीही सोय नसते. त्यांच्यासाठी खरी निवडणूक जूनमध्येच होऊन गेली होती. तेव्हा राज्याच्या प्रायमरीत ‘फारसं बिघडत नाही’ असं मी वर म्हटलं, ते अशा ठिकाणी खरं ठरत नाही.

पण मला जास्त काळजी स्थानिक लढतींचीच वाटते. २०२२ च्या जूनमध्ये राज्यात नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनी मतदान केलं, २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे ३५ टक्क्यांनी. त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात हा आकडा ७१ टक्क्यांपर्यंत गेला. ज्या लढती मार्च-जूनमध्येच संपतात, त्यांचा निर्णय एक तृतीयांश मतदारांनी, आणि त्यातल्याही निम्म्यांहून थोड्या जास्त लोकांनी घेतलेला असतो. २०२२ च्या जूनमध्ये सांता क्लाराचे डिस्ट्रिक्ट अटर्नी जेफ रोझन असेच पहिल्याच फेरीत निवडून आले. कोणावर खटला भरायचा, कोणावर नाही, हे ठरवणारं पद आहे हे. शिवाय नंतर राज्याच्या कायद्याने ही निवडणूक अध्यक्षपदाची निवडणूक असलेल्या वर्षात हलवल्यामुळे ती मुदत चारऐवजी सहा वर्षांची झाली. पुढची निवडणूक २०२८ मध्ये. नोव्हेंबर २०२२ ची वाट पाहत बसलेल्यांना त्यात बोलायची संधीच मिळाली नाही.

सॅन डिएगोने हे ओळखलं. शहराने २०१६ मध्ये आणि काउंटीने २०१८ मध्ये मतदारांच्या कौलाने नियम बदलला: प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरी पहिले दोघे नोव्हेंबरला जातीलच. मला हा बदल योग्य वाटतो. खर्च वाढतो, प्रचार लांबतो, पण निर्णय दुप्पट लोक घेतात. दुसरीकडे सनीवेल आणि क्युपर्टिनोत नगरसेवकपदाला प्रायमरीच नाही. नोव्हेंबरात एकच निवडणूक, जास्त मतं मिळवणारा जिंकतो. एकाच काउंटीत शेजारच्या शहराचा नियम वेगळा असू शकतो.

आणि राज्याबाहेर पाऊल टाकलं की शब्द तोच, पण अर्थ तिसराच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या वेन काउंटीतून काँग्रेसवर गेले ते २०२२ च्या ऑगस्टमधली डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकून. नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांना २८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. तेवढी पुरली, कारण तिथली प्रायमरी पक्षाची असते आणि सर्वांत जास्त मतं मिळवणाऱ्याला त्या पक्षाची उमेदवारी मिळते. ५० टक्क्यांची रेषा नाही, दुसऱ्या क्रमांकाला जागा नाही. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक असल्याने ऑगस्टचा निकालच बहुतेक निकाल होता. तेच २८ टक्के कॅलिफोर्नियात मिळाले असते, तर नोव्हेंबरात दुसऱ्या क्रमांकाचा डेमोक्रॅटही समोर उभा राहू शकला असता. कॅलिफोर्नियातही अध्यक्षपदाची प्रायमरी पक्षाचीच असते. २०२४ मध्ये कोणत्याच पक्षात नोंदणी नसलेल्या मतदाराला डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागून घेता येत होती, रिपब्लिकन नाही.

निकाल वाचताना आणखी एक सावधगिरी. पहिल्या रात्रीचा आकडा हा निकाल नसतो. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं नंतर आठवडाभर स्वीकारली जातात, सह्या जुळवल्या जातात, सही न जुळलेल्यांना दुरुस्तीची संधी मिळते, आणि काउंटीला हे सगळं पुरं करायला साधारण महिना असतो. स्थानिक लढतीत पहिल्या रात्री ५०.४ टक्के दिसले तर ‘जिंकला’ म्हणू नये, आणि राज्याच्या लढतीत दुसऱ्या-तिसऱ्यात शंभर-दोनशे मतांचं अंतर दिसलं तर कोणाला बाद धरू नये.

२०२६ ची प्रायमरी २ जूनची. तिच्यावर गव्हर्नरपद आहे, तिथून पहिले दोघे नोव्हेंबरला जातील. आणि सांता क्लारा काउंटीच्या पहिल्या व चौथ्या जिल्ह्यांचं सुपरवायझरपदही आहे, जिथे ५० टक्क्यांच्या वर एक मत पडलं की नोव्हेंबरात ती ओळ छापलीच जात नाही.