कीडनाशक अंश तपासणीचं अ‍ॅक्रिडिटेशन: अर्ज परत का येतो

आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांच्या क्षमतेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता (अ‍ॅक्रिडिटेशन) मागायला प्रयोगशाळा सरकारीच हवी असं नाही. खासगी असो, विद्यापीठाची असो, तिला किंवा तिच्या मूळ संस्थेला कायदेशीर अस्तित्व हवं, एवढंच. फॉर्म, फी, नोंदणीचा दाखला, कर्मचारी आणि उपकरणांच्या याद्या यांवर सहसा कुणी अडत नाही. गाडी अडते ती व्हॅलिडेशनच्या, म्हणजे पद्धत आपल्याकडे नीट चालते हे सिद्ध करणाऱ्या फाइलवर.

आधी स्कोप, म्हणजे मान्यता कशाकशासाठी हवी याची यादी. ‘फळं-भाज्यांमधली कीडनाशकं’ असं मोघम लिहू नका. कोणता घटक, कोणत्या पदार्थात, कोणत्या पद्धतीनं आणि किती पातळीपासून, हे नेमकं मांडा. पदार्थांचे पाणीदार, आम्लधर्मी, तेलकट, कोरडे असे गट धरतात. काकडीवर काम करून तेलबियांची मान्यता मिळत नाही. यादी लांब दिसावी म्हणून ग्लायफोसेट किंवा डायथायोकार्बामेट क्वेचर्स या एकाच वेळी अनेक कीडनाशकं काढणाऱ्या पद्धतीखाली घुसडले, तर परीक्षकाचं बोट आधी तिथेच जातं. त्यांना स्वतंत्र पद्धत लागते.

सगळ्यात जास्त फाइली परत येतात त्या एलओक्यूवर, म्हणजे खात्रीनं मोजता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणावर. क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे उपकरणाच्या आलेखावर, सिग्नल-नॉइज १० आला (घटकाचा संकेत पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या दहापट), लिहिलं ०.००२ मिलिग्रॅम प्रति किलो! असा अंदाज पुरावा म्हणून धरत नाहीत. बहुतेक प्रयोगशाळा ज्याचा आधार घेतात त्या युरोपीय संघाच्या सँटे मार्गदर्शनानुसार एलओक्यू म्हणजे निकषांत बसलेली, प्रत्यक्ष स्पाइक केलेली (कीडनाशक नसलेल्या कोऱ्या नमुन्यात घटक मोजून घातलेली) सर्वांत खालची पातळी. त्या पातळीला किमान ५ नमुने, शिवाय एका वरच्या पातळीला ५. सरासरी रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळालेला भाग) ७० ते १२० टक्के, आरएसडी (निकालांमधला सापेक्ष फरक) २० टक्क्यांच्या आत.

समजा, १० ग्रॅम कोऱ्या नमुन्यात १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण १०० मायक्रोलिटर घातलं, म्हणजे पातळी झाली ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. पाच निकाल आले ०.००८१, ०.००९४, ०.००७६, ०.०१०२ आणि ०.००८७. सरासरी ०.००८८, रिकव्हरी ८८ टक्के, आरएसडी सुमारे १२. एलओक्यू ०.०१ लिहा, त्याखाली जाऊ नका.

स्पाइक अ‍ॅसिटोनायट्राइल (निष्कर्षणाचं द्रावक) ओतण्याआधी, दळलेल्या नमुन्यातच घालायचा. तयार अर्कात घातला की आकडे शंभराच्या आसपास छान येतात, पण त्यातून निष्कर्षण किती झालं हे कळतच नाही. सगळ्याच घटकांची रिकव्हरी ९८ ते १०२ दिसली की अनुभवी परीक्षक थेट कच्च्या नोंदवह्या मागतो. छापील तक्ता नव्हे, वजनाच्या नोंदी, पिपेटचा क्रमांक आणि मूळ क्रोमॅटोग्राम जोडून ठेवा. घटकाची ओळख पटवणारं आयन गुणोत्तर ±३० टक्क्यांत आणि रिटेन्शन टाइम (घटक उपकरणातून बाहेर पडण्याची वेळ) ±०.१ मिनिटात बसतो, हेही त्यातच दिसलं पाहिजे.

मोजमापाच्या अनिश्चिततेसाठी ‘ठरलेले ५० टक्के’ लिहून बरेच जण मोकळे होतात. तो आकडा वापरता येतो, पण आपली अनिश्चितता त्याहून कमी आहे हे स्वतःच्या आकडेवारीनं दाखवल्यावरच.

हमखास न सापडणारा कागद म्हणजे संदर्भ मानकाचं, म्हणजे तुलनेसाठी वापरायच्या शुद्ध रसायनाचं प्रमाणपत्र. बाटली असते, प्रमाणपत्र नसतं. असलंच तर बॅच क्रमांक वेगळा किंवा मुदत उलटलेली. शक्यतो आयएसओ १७०३४ (संदर्भ पदार्थ बनवणाऱ्यांचं मानक) मान्यतेच्या उत्पादकाकडूनच घ्या आणि बाटली फोडली त्याच दिवशी प्रत फाइलला लावा.

प्रोफिशियन्सी टेस्टिंग (बाहेरून आलेला एकच नमुना अनेक प्रयोगशाळांनी तपासून निकाल ताडून पाहणं) अर्जानंतर करू म्हणणाऱ्यांचं पुढे अडतं. फेऱ्या वर्षभर रोज निघत नाहीत, निकालालाही आठवडे लागतात. झेड-स्कोअर (आपला निकाल ठरलेल्या मूल्यापासून किती दूर आहे याचं माप) उणे २ ते अधिक २ मध्ये असेल तर समाधानकारक. त्याबाहेर गेला तर निकाल लपवू नका, कारणमीमांसा जोडा. लपवलेला निकाल पुढे सापडला की इतर कागदांवरचाही विश्वास उडतो. अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन आढावाही अर्जाआधी झालेला हवा. नंतरच्या तारखेचे कागद जोडले की खुलासे सुरू होतात.

पाहणीत त्रुटी निघणारच, घाबरू नका. गोंधळ होतो तो त्या दूर करण्याच्या मुदतीचा. ती पाहणीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात की पत्र मिळाल्यापासून, हे मान्यता देणाऱ्या संस्थेनुसार बदलतं, आणि नियमपुस्तिकेत ते नेमकं कुठल्या तरी कोपऱ्यात दडवलेलं असतं. समारोप बैठकीतच विचारून लेखी घ्या. ‘संबंधितांना समज दिली’ हे उत्तर सुधारात्मक कृती म्हणून चालत नाही. चूक का झाली, आधीच्या अहवालांवर तिचा परिणाम झाला का आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे तिन्ही पुराव्यांसह लागतं.