वडवर्गीय खुंटांचे बोन्साय

फायकस प्रजातीतील झाडाचे (वड, नांदरुक, पिंपळ, उंबर इ.) वाढलेले खोड बुंध्याजवळ छाटून, किंवा त्याची जाड फांदी थेट रुजवून बोन्साय घडवण्याची पद्धत. कोवळे रोप उथळ कुंडीत लावले तर मनगटाएवढा बुंधा व्हायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात. खुंटापासून सुरुवात केली की जाडी पहिल्या दिवशीच हातात असते, पण खालची मुळे आणि वरचा निमुळतेपणा दोन्ही नव्याने कमवावे लागतात. बोन्सायची पारख याच दोन गोष्टींवर होत असल्याने ही पद्धत वाटते तितकी सोपी नाही. सातारा-सांगली भागात तिला हवा मानवते आणि झाडेही मिळतात. शिवाय तासगाव-पलूसकडचा द्राक्षबागायतदार यातली निम्मी कौशल्ये आपल्या बागेतच शिकलेला असतो.

फायकसच का, याचे उत्तर त्याच्या सालीखाली आहे. जुन्या लाकडावरही सुप्त डोळे (न फुटलेले कोंब) जिवंत राहतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक त्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की दाब उठतो आणि एकही पान न ठेवलेल्या खोडावर काही आठवड्यांत कोंब दिसू लागतात. पाइनचे खोड असे उघडे-बोडके केले तर ते मरते. त्यामुळे जपानी बोन्सायचे छाटणीचे नियम वडाला जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. फायकसचे तंत्र मुख्यतः तैवान, दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातील उष्ण प्रदेशांत वाढले. शिवाय या झाडांना खोडातून नवी मुळे फुटतात, आणि एकमेकांना टेकलेली मुळे कालांतराने जुळून एकजीव होतात.

जातींमध्ये नांदरुक (फायकस मायक्रोकार्पा) नवशिक्याला सर्वांत सोयीचा : पान लहान, फांद्या दाट, चूक पोटात घालणारे झाड. वडाचे पान मोठे असल्याने त्याचा खुंटही मोठाच घ्यावा लागतो. पिंपळाची जाड फांदी वडाइतक्या भरवशाने रुजत नाही, म्हणून पिंपळ बहुधा भिंतीतून काढलेलाच असतो. उंबराची पाने काही प्रमाणात लहान करता येतात, फळे मात्र नेहमीच्याच आकाराची येतात. तशात औदुंबर हे दत्तस्थान कृष्णाकाठी पलूस तालुक्यातच. उंबरावर करवत धरायला या भागात फारसे कोणी धजत नाही.

साहित्य कोठून आणायचे हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. विहिरीचे कठडे, पडके वाडे, गच्चीवरच्या भेगा येथे पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेली झाडे ही उत्तम सामग्री. मातीअभावी उपाशी राहिल्याने त्यांची पेरे आखूड असतात आणि मुळे दगडाला धरून चपटी झालेली असतात. घरमालकाला ती नकोच असतात. संरक्षित किल्ले व घाट यांच्या भिंतींना मात्र परवानगीशिवाय हात लावू नये. मूळ ओढताना चिरा निघतो. शहरी हद्दीत वृक्षतोडीला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना प्राचीन वृक्षांचा दर्जा मिळाला आहे. मिरज तालुक्यातील भोसे येथे सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० मध्ये लोक त्याच्या बाजूने उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलावी लागली. अशा झाडांकडे बोन्सायवाल्याने नजर टाकण्याचे कारण नाही. रस्तारुंदीत रीतसर तुटलेल्या झाडाच्या फांद्या मात्र सरपणात जाण्यापेक्षा कुंडीत गेलेल्या बऱ्या.

जाड फांदी लावण्याचा हंगाम मे अखेर ते आषाढ. साताऱ्यातील डिसेंबरच्या थंडीत छाटलेला खुंट नुसता बसून राहतो आणि सडण्याचा धोका वाढतो. फांदी पाच ते पंधरा सेंटिमीटर जाडीची, ठरवलेल्या उंचीपेक्षा वीतभर लांब कापतात, कारण वरचा काही भाग मागे वाळत येतो. बुडाचा काप धारदार पात्याने पुन्हा ताशीव करायचा, चीक पाण्याने धुऊन थांबू द्यायचा, मग आयबीए पावडर (मुळे फुटवणारे संप्रेरक) लावून धुतलेली जाड वाळू किंवा विटांचा चाळलेला चुरा यांत पुरायचे. वरच्या कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) चालते. द्राक्षाच्या छाटणीनंतर उरलेली अनेकांच्या शेडमध्ये असतेच. खुंट हलता कामा नये, म्हणून तो कुंडीला सुतळीने किंवा तारेने बांधतात. हलणाऱ्या खुंटाची कोवळी मुळे रोज तुटतात आणि वरून काही कळत नाही.

येथेच सर्वाधिक झाडे मरतात. तीन-चार आठवड्यांत खुंटावर पोपटी पालवी येते, मालक खूश होऊन त्याला उन्हात काढतो आणि आठ दिवसांत सगळी पाने माना टाकतात. ती पालवी लाकडातल्या साठ्यावर फुटलेली असते. पांढरी मुळी अजून चालू झालेली नसते. पहिली पाने पूर्ण पिकून गर्द झाली आणि दुसरा फुटवा जोमाने निघाला की मुळे सुटली असे समजावे. तोवर शेडनेट, आणि माण-खटाव, आटपाडी, जत अशा कोरड्या पट्ट्यात खुंटाभोवती ओले गोणपाट.

गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फुटवणे, हा दुसरा मार्ग, आणि तो द्राक्षबागेतल्या गर्डलिंगचा सख्खा भाऊ आहे. दोन्हींत सालीचे वलय काढून पानांकडून खाली जाणारे अन्न अडवले जाते. बागेत वलय काही मिलिमीटरचे असते, कारण मणी फुगले की जखम भरून यायला हवी. गुटीत ते भरून येताच कामा नये. म्हणून वलयाची रुंदी निदान खोडाच्या जाडीएवढी ठेवतात आणि उघड्या लाकडावरचा निसरडा थर खरवडून टाकतात. तो थर राहिला तर फायकस वरून खाली सालीचा पूल बांधतो आणि मुळे येतच नाहीत. वलयावर ओले मॉस (शेवाळ) बांधून प्लास्टिक गुंडाळले की पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळे दिसतात. गुटीची मुळे वलयाच्या काठाने चौफेर फुटत असल्याने बुंध्याचा पसरलेला घेर फांदी पुरण्यापेक्षा चांगला मिळतो.

रुजलेला खुंट म्हणजे बोन्साय नव्हे. प्रदर्शनांत सपाट कापलेल्या ओंडक्यावर झाडूसारखा फुटवा वाढवलेली ‘बोन्साय’ ठेवलेली असतात. ती पाहणाऱ्याचे लक्ष कापाकडेच जाते. योग्य रीत अशी : माथ्याजवळचा एक जोमदार कोंब शेंडा म्हणून निवडायचा, त्याच्या विरुद्ध बाजूला उतरता तिरका काप घ्यायचा आणि तो कोंब खालच्या खोडाच्या निम्म्याहून जाड होईपर्यंत मोकळा वाढू द्यायचा. मग तोही आखूड छाटून पुढचा कोंब निवडायचा. दर टप्प्याला साताऱ्याच्या हवेत दोन-तीन वर्षे धरावीत. अंतिम उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी असा संकेत आहे. ही वाढ उथळ कुंडीत होत नाही. जमिनीत, घमेल्यात किंवा कापलेल्या पिंपात करून घ्यावी. नदीकाठची काळी माती कोणत्याही टप्प्यावर टाळावी, कारण भांड्यात ती पाणी धरून मुळे कुजवते. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि मुरलेले शेणखत यांचे मिश्रण स्वस्त पडते आणि पुरते.

पावसाळ्यात बांधलेली अॅल्युमिनियमची तार महिन्याभरात सालीत रुतते, म्हणून ती आठवड्याला पाहावी. पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि नांदरुकाची कोवळी पाने दुमडणारे फुलकिडे हे नेहमीचे शत्रू. दुमडलेली पाने खुडून नष्ट करणे हा फवारणीआधीचा उपाय. वडाच्या पारंब्यांना दमट हवा लागते. कोरड्या भागात पारंबी ओले मॉस भरलेल्या स्ट्रॉमधून मातीपर्यंत उतरवतात. ती जमिनीला लागली की जाड होऊ लागते आणि मग स्ट्रॉ उभा चिरून काढता येतो.